फाटकातला उंचवटा

एकाच गाडीची दोन मॉडेलं होती. सुनेला जरा उंच असलेलं हवं होतं, मुलाला खाली बसकं, रुबाबदार. अर्थात मुलाचंच चाललं. बॅटरीवरची गाडी, आल्याची चाहूलही लागायची नाही. पण गाडीत दोघं बसलेली असली की फाटकातल्या उंचवट्यावर तिचं पोट खर्रकन घासायचं. तो एकटा असला की अलगद आत यायची. खरखर ऐकली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तरी ती सांगत होती!"

एक दिवस सून बॅग भरून माहेरी निघून गेली. बरेच दिवस गेल्यावर मुलगा एकदाचा तिला आणायला निघाला.

"गाडी बदलू म्हणावं तिला," आईने बजावलं.

"गाडीचं काही नाहीये गं, आई."

संध्याकाळी आईने फाटक सताड उघडून ठेवलं, टीव्ही बंद केला, कुकरखालचा गॅससुद्धा घालवला आणि खिडकीशी कान देऊन उभी राहिली.

"घासू दे," ती पुटपुटली, "आज चांगली खरवडून निघू दे मेली."

दिव्यांचा उजेड भिंतीवरून सरकला. गाडी अलगद आत आली.