हसलं की फोटो

पाडव्याला विलासने बायकोला ओवाळणीत डिजिटल कॅमेरा घातला. मेन रोडच्या दुकानात त्याने तीन कॅमेरे ताडून पाहिले होते. एकाला मेगापिक्सेल जास्त, दुसऱ्याला झूम मोठा. त्याने घेतला तिसरा, समोरचा माणूस हसला की आपोआप फोटो काढणारा.

कॅमेरा टीव्हीवर ठेवून त्याने बायको सरोज आणि लेक आरोहीला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला.

“हं, हसा.”

दोघी हसल्या. कॅमेरा गप्प.

“नीट हसा म्हटलं ना!”

सरोजने दात दाखवले. आरोहीने आईचा पदर मुठीत घट्ट धरला. कॅमेरा तरी गप्पच.

“सेल कमी पडत असतील. नवे घेऊन येतो. मग मात्र फोटो निघाला नाही, तर बघा!”

तो कॅमेरा तसाच सुरू ठेवून गेला. जिन्यावरून चपला उतरल्या, स्कूटर सुरू झाली, आवाज गल्लीच्या टोकाला विरला. सरोजने सुस्कारा सोडला. आरोही खुदकन हसली.

खट्!

दोघींनी उठून पाहिलं, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या छान हसत होत्या. आरोहीचा चेहरा पांढराफटक पडला.



“मम्मी, पप्पा यायच्या आत हा पुसायचा कसा गं?”