ओले हात

वायरमनने घरच्या गिझरच्या उघड्या वायरींना मल्टिमीटर लावला. आकडा शून्य.

"करंट नाहीये. धर बिनधास्त."

बायकोने टॉवेलला हात कोरडे पुसले आणि वायर धरली. पुढच्याच क्षणी ती किंचाळून मागे आदळली.

त्याने मीटर पाहिला. सकाळी गाडीची बॅटरी तपासल्यापासून नॉब डीसीवरच होता. घरातल्या एसी लाइनला तो शून्यच दाखवणार!

त्याची आई धावत आली. "काय झालं गं?"

"काही नाही आई, माझेच हात ओले होते."

"वायरमनची बायको ना तू? अरे, शिकव जरा हिला!"

"हो, शिकवतो," म्हणत त्याने आईकडे पाठ करून नॉब गुपचूप एसीवर फिरवला.

ते पाहून बायकोनेच मान खाली घातली.