एकशेचौथा नंबर

धरणातून पाणी सोडलं की गावाला मेसेज जावा म्हणून रविराजने ॲप केलं. सर्व्हर स्वस्तातला, शंभरजणांत वाटलेला. तासाला शंभरच मेसेज सोडायचा, उरलेले पुढच्या तासाला.

"यादीत मानाची माणसं वर घाल बे," सरपंच म्हणाले. त्याने घातली. नदीपात्रात मेंढ्या चारणारा आसाराम एकशेचौथा आला.

त्या दुपारी पाणी सुटलं. पहिला मेसेज पुण्यात बसलेल्या सरपंचांना पोचला.

आसारामला शोधायला गाव काठावर जमलं, तेव्हा त्याची बायको रतनबाई त्याचा फोन मुठीत धरून बसली होती.

"खाली रेंज न्हाई म्हणून मला इथं बसवलं. वाजला की हाक मार म्हनले. वाजलाच न्हाई रे, रविराजा."

तेवढ्यात फोन वाजला.