सात नंबरचं फडकं

कापसातून सरकी काढणारे रेचे चोवीस, त्यांतला एक बंद. रेच्यांवर बायका तेवीस. सकाळी आत आलेला कापूस ऐंशी क्विंटल. संध्याकाळी रुई, सरकी आणि कचरा मिळून भरले एकोणऐंशी. अर्धा क्विंटल ओल वाळून गेली असं धरलं, तरी उरलेल्या अर्ध्याचा पत्ता लागत नव्हता.

"रुई हवेत उडते," नवे सुपरवायझर प्रभाकरराव जीनचे मालक पुंडलिकरावांना म्हणाले. एकोणीसशे एकोणऐंशीच्या त्या हंगामात प्रभाकरराव नागपूरहून बी.एस्सी. होऊन आले होते. "तीही वाया जायला नको. मोजून सांगतो."

"मोजा. अन् संक्रांतीनंतर एक बाई कमी करा. बावीस रेच्यांत भागते आपलं."

सात नंबरच्या रेच्यावर कापूस टाकणाऱ्या देवकाबाईने हे ऐकलं आणि तिला नेमकी खोकल्याची उबळ आली. तिने पदर तोंडात कोंबला. मागच्या हंगामात रुख्मिणी अशीच खोकायची. तिलाच कमी केलं होतं. देवकाबाईचा नवरा दोन वर्षं अर्धांगाने खाटेवर होता. घरात कमावते हात दोनच, आणि ते तिचे.

"दाब ना थो खोकला," शेजारच्या रेच्यावरची सुमित्राबाई कुजबुजली. "मालक पाहून राह्यले."

"खोकला काय सरकी हाय? दाबला का तेल निघन!"

सोमवारी प्रभाकररावांनी स्वतः फडकी वाटली. पांढरी, जाड, कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर घातलेली.

"नाकातोंडावर बांधा. सुटी झाली की दारातल्या खोक्यात टाका, जसं असेल तसं. धुऊ नका, झटकू नका. पुढचं मी पाहीन."

"देवमाणूस हाय," देवकाबाई म्हणाली. "आपल्या छातीची फिकर करून राह्यला."

"मंग कर आरती!" सुमित्राबाई हसली.

बुधवारपर्यंत खोकला खरंच निम्म्यावर आला. श्वास मोकळा झाला तसे हातही सुटले. दुपारी बायकांच्या कामावर देखरेख करणारा जॉबर भैय्याजी तिच्या रेच्यापाशी थांबला. तिच्या पापण्यांवर, केसांवर रुईचं पांढरं बसलं होतं.

"वा, देवकाबाई! जिचा हात चालते, तिच्याचपुढं रुई उडते."

फडक्याआड ती लाजून हसली.

एक गोष्ट मात्र तिच्याने होईना. दिवसभर तोंडाला लागलेलं, थुंकीने ओलं झालेलं फडकं तसंच त्या भल्या माणसाच्या हाती द्यायचं? घरी ती कुणाला उष्टा पेलासुद्धा देत नसे. धुऊ नका म्हणाले, तो त्यांचा चांगुलपणा. पाहुणा कधी तोंडाने 'आणखी वाढा' म्हणतो का?

सुटी झाली की ती मागच्या हौदावर जाई. फडकं झटके, साबणाच्या चिपेने धुई, पिळून इंजिनघराच्या गरम नळावर टाके. ते खडखडीत वाळलं की घडी करून शेवटी खोक्यात ठेवी.

"बावळट हायेस," सुमित्राबाई म्हणाली. "साहेब नको म्हनते ना? मी त टाकतो तसंच, रुईनं भरलेलं."

"लाज नाई का तुले? तोंडाचं उष्टं हाय थे."

सहा दिवस तिने एकदाही चुकवलं नाही. शनिवारी सुटी होताच तिने फडकं धुऊन खोक्यात ठेवलं आणि सुमित्राबाईबरोबर घरी गेली. त्या शनिवारी तर ती पूर्ण पाळीत दोनदाच खोकली.

सोमवारी संक्रांत होती, जीन बंद. मंगळवारी आत शिरतानाच चौकीदार डोमाजीने तिला हाक दिली. "देवकाबाई, हापिसात बलावलं. साहेबानंच."

"मलेच?"

"तुलेच."

तिने हौदावर तोंड धुतलं, पदर सारखा केला. आपल्या स्वच्छ फडक्याची पारख झाली म्हणायची.

आत टेबलावर पितळी तराजू होता. त्याच्यापुढे कागदाच्या तेवीस पुड्या ओळीने उघड्या मांडलेल्या. बावीस पुड्यांत रुईचे लहान लहान पुंजके होते. सातवी रिकामी. कालच संक्रांत झालेली. साहेबांनी आपल्यासाठी तिळगुळाला ठेवली असेल, असं तिला वाटलं.

"मंग कोणती बाई कमी करायची, ठरलं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

प्रभाकररावांनी मान वर न करता कागद वाचला.

"बावीस फडकी, सहा दिवस : रुई तीनशे छप्पन्न ग्रॅम. फडकं नंबर सात : शून्य."