कंडक्टरचं भजन

"देव मानत न्हाय आन् देवाचंच गातो. चार माणसांत शोभतं का हे?"

महालिंगप्पा ताटावर बसून पुटपुटत होते. डाव्या हातात मोबाईल, उजव्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच. त्यांची बायको शांताक्का आमटी वाढता वाढता थांबली. मोबाईलवरच्या व्हिडिओत उमाशंकर बोलत होता.

उमाशंकर परंड्याच्या एसटीत कंडक्टर. ड्युटी बदलून घेऊन दर सोमवारी संध्याकाळी गावातल्या महादेवाच्या देवळात पेटीवर बसायचा. त्यानं भजन धरलं की हॉटेलवाला भज्यांची कढई उतरवून यायचा. कुण्या यूट्यूबवाल्यानं त्याला विचारलं होतं, गाताना देव दिसतो का? तर हा म्हणाला, "पेटीच्या पट्ट्या दिसतात. देवबिव मी मानत नाही."

तसं हे गावाला नवीन नव्हतं. आरतीच्या वेळी तो बाहेर पारावर तंबाखू मळत बसतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोबाईलवर येणं वेगळं. पाहुण्यारावळ्यांचे फोन आले. महालिंगप्पा भजनी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची इज्जत ती त्यांची इज्जत. त्यांनी उमाशंकरला बोलावून सांगितलं, आता पेटीला हात लावायचा नाही. नावात शंकर-पार्वती दोघांनाही घेऊन फिरणाऱ्या त्या माणसानं वाद घातला नाही. ड्युटी बदलायची कटकट मिटली म्हणाला आणि गेला.

पुढच्या सोमवारपासून महालिंगप्पा स्वतः गाऊ लागले.

माणूस सोन्यासारखा. कपाळाला विभूती लावल्याशिवाय पाणी पिणार नाहीत, दुकानात काट्याला बोट लावणार नाहीत. भक्ती म्हणाल तर शंभर नंबरी. आवाज मात्र असा, की पहिल्याच ओळीला नंदीमागं झोपलेलं कुत्रं उठून गेलं. त्यामागून माणसं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची धार काढायची राहिली. ज्याच्या दारात शेळीसुद्धा नाही, तोही धार काढायला गेला. महालिंगप्पा डोळे मिटून गायचे, त्यामुळं हे त्यांना शेवटीच कळायचं.

शांताक्का जागची हलायची नाही. धाकटा भाऊ गेला त्या साली तिनं देवघरात दिवा लावणं सोडलं होतं. अध्यक्षांची बायको म्हणून देवळात यायची, भिंतीला टेकून बसायची, एवढंच. मग एका सोमवारी उमाशंकर गायला आणि घरी आल्यावर तिनं गुपचूप वात वळली. तेव्हापासून एका सोमवारच्या गाण्यावर तिचा आठवडाभर दिवा लागायचा. आता लागेना. काडी ओढायची, ती बोटापर्यंत जळायची, आणि महादेवाच्या फोटोशी काय बोलावं ते सुचायचं नाही. नवऱ्याला सांगावं, तर ते बिचारे पहाटे उठून अंगणात गळा तासत असायचे. घरातला मध संपवला होता. त्यांचं तोंड बघून तिच्या ओठांवरचं माघारी फिरायचं.

श्रावणातल्या सोमवारीही देवळात बोटांवर मोजण्याइतकीच टाळकी उरली, तेव्हा महालिंगप्पांनी भजन थांबवून विषय काढला. लोक का येईनात?

मंडळातली दैवशाला म्हणाली, टीव्हीवरच्या मालिका. टाळवाले आण्णासाहेब स्पीकरवर घसरले. कर्णा जुना झालाय, आवाज फाटतो, बार्शीहून नवा आणू. फाटतो म्हणताना ते जरा अडखळले, पण कर्ण्याकडं बोट दाखवून त्यांनी निभावून नेलं. नव्या कर्ण्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मंडळात इतक्या पटकन कशावरच कधी झालं नव्हतं.

"आणू की," महालिंगप्पा म्हणाले. "पर खरं कारण त्ये न्हाय. लोकांची श्रद्धा पातळ झाली. त्या नास्तिकानं नासवलं समदं. तुमीच सांगा, ज्याचा सोताचा इस्वास न्हाय, त्याचं ऐकून कुणाचा देवावर इस्वास बसंल का?"

सगळे टाळांच्या दोऱ्या सारख्या करण्यात गढून गेले.

शांताक्का भिंतीचा आधार सोडून उठली. पुढं जाऊन तिनं आधी माईक बंद केला. मग नवऱ्याच्या खांद्यावरून घसरलेलं उपरणं नीट केलं.

"माझा बसला व्हता," ती म्हणाली. "तुमी गायला लागल्यापास्नं उडायलाय."