पोचा आलेलं पिंप

पोचा आलेलं बिअरचं पिंप कारखाना परत घेत नाही. म्हणून पबवाल्या द्राहामावशीने असं एक रिकामं पिंप ल्युबोरला दिलं होतं. "अडगळच मेली, घेऊन जा." त्याने ग्राइंडरने वरचं तोंड कापलं, बुडाशी नळ बसवला आणि घरीच बिअर उकळायचं झकास पातेलं झालं. ते पाहून शेजारच्या ओतोने एक पिंप नेलं, मग पोस्टमनने, मग गावच्या फुटबॉल संघातल्या निम्म्यांनी. सगळ्यांची पिंपं ल्युबोरनेच हौसेने कापून दिली.

आता बिअर मुरवायला त्याला दुसरं पिंप हवं होतं. शनिवारी संध्याकाळी तो पबात शिरला आणि आपण इथे किती महिन्यांनी येतोय, हे त्याला दारातच आठवलं. आत मावशी एकटीच मोजे विणत बसली होती. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या नावांचे मग ओळीने टांगलेले होते. तिने त्याचा मग काढला आणि एप्रनने त्यावरची धूळ पुसली.

"तुझ्या घरची फार फक्कड होते म्हणे."

"होते कशीबशी," तो खाली बघत म्हणाला. "मावशी, पोचा आलेलं एखादं पिंप आहे का?"

"दोन आहेत की."

"मग एक नेऊ?"

"ने ना. पण आधी सगळ्यांना घेऊन ये. दोन्ही भरलेलीच आहेत रे अजून."