स्टार्टरचं दुखणं

'टक.' एवढाच आवाज करून आमच्या होडीचं इंजिन गप्प बसलं. नारळी पौर्णिमा झाली होती आणि बंदरातल्या होड्या एकेक करून समुद्रात निघाल्या होत्या.

"स्टार्टर गेलाय," हे म्हणाले. बॅटरीच्या वायरी घासून झाल्या, पाना लावून ठिणग्या काढून झाल्या. शेजारच्या होडीवरून चुलतदीर ओरडले, "काय तांडेल, यंदा वल्ही मारत येताय का?"

"तू हो पुढे, गाठतोच तुला!" हे हसत म्हणाले.

शेवटी ह्यांनी स्टार्टर काढून बाहेर थेट बॅटरीला जोडला. तो भिंगरीसारखा फिरला. मी आनंदाने टाळी वाजवली, पण ह्यांचा चेहरा उतरला. स्टार्टर चांगला, म्हणजे दुखणं इंजिनातच होतं. ह्यांनी इंजिनाच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, पहार लावून जोर केला. ते तसूभरही हललं नाही. धुराच्या पाइपावर उपडा घातलेला डबा पावसाळ्यात वाऱ्याने उडाला होता. पाणी आत शिरून इंजिन गंजलं होतं, कायमचं. दुसरं घेण्याची ऐपत नव्हती. स्वतःच्या होडीचा तांडेल आता परक्या होडीवर खलाशी होणार होता.

ह्यांनी पहार खाली ठेवली. मग तोच चांगला स्टार्टर मांडीवर घेऊन खोलू लागले.

"यातच काहीतरी आहे," माझ्याकडे न बघता म्हणाले. "पॉलिश पेपर आण बघू."

मी आणला. त्याचे दोन तुकडे केले, एक ह्यांना दिला आणि दुसरा घेऊन मीही शेजारी घासत बसले.